कमाल तापमानाशेजारी दुपारची आर्द्रताही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एप्रिल लागला की आपल्या पहिल्या पानावर पाऱ्याचे आकडे येऊ लागतात. चंद्रपूर ४४, ब्रह्मपुरी ४५, अकोला ४४. त्याच बातमीच्या शेवटी मुंबई, ठाणे, रायगडचा आकडा असतो ३६ किंवा ३७, आणि तिकडच्या लोकांना त्या मानाने दिलासा असल्याचे एक वाक्य. या दिलाशाबद्दल मला लिहायचे आहे. पत्र लांबले आहे, पण शक्यतो कापू नये ही विनंती.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होते. नोकरीची बहुतेक वर्षे तिथेच गेली. निवृत्तीनंतर मुलीकडे पनवेलला राहायला आले. कोरडा उन्हाळा मी वॉर्डात पाहिला आणि दमट उन्हाळा इथे रोज अंगावर घेते आहे. त्यावरून माझी मागणी अशी आहे: आपल्या हवामानाच्या चौकटीत प्रत्येक गावाच्या कमाल तापमानाला लागून त्याच दुपारची आर्द्रता छापावी, आणि रात्रीच्या किमान तापमानाला आज मिळते त्यापेक्षा ठळक जागा द्यावी. उन्हात माणसाचे काय होईल हे त्याच्या अंगावरचा घाम वाळतो की नाही यावर फार अवलंबून असते, आणि ते एकट्या कमाल आकड्यावरून कळत नाही.

हे नीट कळायला शरीराचा हिशेब समजून घ्यावा लागतो. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला तो शिकवतात. घरोघरी पोचायला हवा इतका तो साधा आहे.

माणूस नुसता बसून असला तरी त्याच्या शरीरात साधारण ८० ते १०० वॉट उष्णता तयार होत असते. हृदय, यकृत, मेंदू, स्नायू यांचे काम थांबत नाही आणि त्या कामाची उष्णता होते. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर बसल्या जागी अंगाचे तापमान तासाला एक-दीड अंशाने चढत जाईल. डोक्यावर विटा वाहणाऱ्या, फावडे मारणाऱ्या माणसाच्या शरीरात तीच उष्णता चार-पाच पट तयार होते. आतल्या अवयवांना मात्र ३७ अंशांच्या आसपासच राहायचे असते. ४० च्या वर मेंदू बिघडू लागतो. म्हणजे सुरक्षित आणि धोक्याच्या मध्ये फक्त तीन अंशांची जागा आहे, आणि आयुष्यभर, झोपेतसुद्धा, शरीर ती सांभाळत असते.

हा कारभार मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग पाहतो. त्याच्याकडे दोन ठिकाणांहून खबर येते. एक, त्याच्यातून वाहणाऱ्या रक्ताच्या तापमानाची, आणि दुसरी, त्वचेतल्या मज्जातंतूंकडून. या मज्जातंतूंमध्ये उष्णतेची खबर देणारी प्रथिने शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले. ४३ अंशांच्या पुढचा चटका ज्या प्रथिनाला कळतो, तेच मिरचीतल्या कॅप्सेसिननेही जागे होते. सावजीचा रस्सा खाताना कपाळावर घाम का येतो हे आम्हा नागपूर-चंद्रपूरकडच्या लोकांना त्यातून नेमके समजले. शरीराला खरेच वाटते की उष्णता वाढली आहे.

खबर आली की हायपोथॅलॅमस दोन कामे करतो. पहिले, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंद करतो. आतले गरम रक्त कातडीपर्यंत येते आणि तिथून उष्णता हवेत जाते. फार उष्ण परिस्थितीत मिनिटाला सहा-सात लिटर रक्त त्वचेकडे वळवले जाऊ शकते, आणि ते वळवण्याचे काम हृदयाला करावे लागते. पण कातडीवरून उष्णता हवेत जायची, तर हवा कातडीपेक्षा थंड हवी. उन्हाळ्यात कातडीचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याच्या पुढे गेली की प्रवाह उलटतो आणि हवेतली उष्णता अंगात शिरू लागते. चंद्रपूरला एप्रिल-मेच्या दुपारी रोज हेच चालते.

तेव्हा दुसरे काम उरते, घाम. माणसाच्या अंगावर २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी आहेत. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो अंगातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. बसलेल्या माणसाच्या शरीरात सात-आठ तासांत तयार होणारी सगळी उष्णता एवढी असते. उष्णता घाम वाळतो तेव्हाच जाते. जो घाम हनुवटीवरून टपकला, पदराने पुसला, बनियनमधून पिळून काढला, त्याने उष्णता जवळजवळ नेलीच नाही. शरीरातले पाणी आणि मीठ मात्र गेले.

घाम वाळला तर माणूस किती सोसू शकतो, याचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात चार्ल्स ब्लॅगडेन या डॉक्टरने तो छापला. जॉर्ज फोर्डाइस या दुसऱ्या डॉक्टरने एक खोली तापवली होती. तिच्यातल्या कोरड्या हवेचे तापमान २६० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे १२५ सेल्सिअसच्याही पुढे नेले. आत माणसे गेली, सोबत गोमांसाचा तुकडा आणि अंडी ठेवली. अंडी घट्ट शिजली, मांस शिजून वाळत आले, आणि माणसे चालत बाहेर आली. त्याच खोलीत पाण्याचे एक भांडे होते, ते उकळेना. पाण्यावर तेलाचा थर दिला, वाफ होणे थांबले, तेव्हा ते उकळले. एवढ्या एका भांड्यात सगळे शरीरशास्त्र आले आहे. पाणी वाळत राहिले तोवर स्वतःला थंड ठेवत होते. वाळायची वाट बंद झाली आणि त्याने उकळी घेतली.

दमट हवा घामाच्या बाबतीत त्या तेलाचे काम करते.

विदर्भातल्या घरात आणि माझ्या पनवेलच्या घरात हा फरक कूलर रोज दाखवतो. तिकडे वाळ्याच्या ताट्यांचा किंवा लाकडी गवताचा कूलर लावला की ४४ अंशांच्या दुपारी खोलीत पांघरूण घ्यावेसे वाटते. तोच कूलर मी हौसेने इकडे आणला, तर ३५ अंशांना त्याने खोली चिकट करून टाकली. यंत्रात काहीच बिघाड नव्हता. हवेत आधीच इतकी वाफ होती की ताट्यांतले पाणी वाळेना. आपले अंग याच तत्त्वावर चालते. इकडे कूलर हरतो तिथे घामही हरतो.

हे मोजायची रीत अवघड नाही. तापमापकाच्या टोकाला ओले मलमल गुंडाळायचे आणि त्यावर वारा घालायचा. पाणी वाळून तो जिथवर उतरेल तो आकडा म्हणजे वेट बल्ब तापमान. घामाने भिजलेले अंग वाळून वाळून फार तर तिथवर थंड होऊ शकते. आता दोन दुपारी शेजारी ठेवून बघा. चंद्रपूरला ४५ अंश आणि आर्द्रता १० ते १५ टक्के असेल, तर वेट बल्ब येतो २१ ते २४. पनवेलला ३६ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर तो येतो ३०. आपल्या चौकटीत पहिल्या गावापुढे लाल रंग असतो आणि दुसऱ्यापुढे दिलासा.

जे. एस. हाल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने कॉर्नवॉलच्या खोल, तापलेल्या खाणींत हेच तपासले आणि १९०५ मध्ये निष्कर्ष छापला. खाणीत सुका तापमापक काय दाखवतो यापेक्षा ओला काय दाखवतो ते बघा. स्थिर हवेत ओला तापमापक ८८ फॅरनहाइट, म्हणजे ३१ सेल्सिअसच्या पुढे गेला, की कपडे काढून बसलेल्या माणसाचेही तापमान चढायला लागते. पुढे २०१० पासून अभ्यासक ओल्या तापमापकाची ३५ ही सैद्धान्तिक मर्यादा धरून चालत. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांना बंद दालनात बसवून, हलकी हालचाल करायला लावून मोजणी झाली. दमट हवेत मर्यादा पुन्हा ३१ च्या आसपासच निघाली. धडधाकट तरुणांची ही गोष्ट. सत्तरीच्या माणसाची मर्यादा त्याहून खाली असणार. शंभरावर वर्षांपूर्वी खाणमजुरांसाठी जे कळले होते, ते आपल्या वाचकाला अजून रोजच्या अंकात मिळत नाही.

१६ एप्रिल २०२३ ची दुपार आठवा. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखोंची गर्दी उघड्यावर बसली होती आणि उष्माघाताने १४ माणसे गेली. जवळच्या केंद्रावर त्या दिवशी तापमानाची नोंद ३८ अंशांच्या आसपास होती. मला चंद्रपूर-नागपूरहून फोन आले. सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘३८ ला माणसं कशी मरतील?’ आमच्याकडे ३८ ला लग्ने लागतात, वराती निघतात. मी प्रत्येकाला तेच समजावत होते. खाडीकाठची दमट हवा, डोक्यावर थेट सूर्य, आणि खांद्याला खांदा लावून बसलेली माणसे. हवामान केंद्राचा आकडा सावलीतला असतो, उन्हात बसलेल्याच्या अंगावर सूर्याची उष्णता वेगळी पडते. शिवाय दाट गर्दीत प्रत्येकाच्या चारही बाजूंना ३७ अंशांची दुसरी शरीरे असतात. वारा आत शिरत नाही, आणि घामाची वाफ तिथेच साठते. अशा ठिकाणी केंद्रावरचा ३८ हा आकडा बसलेल्या माणसाबद्दल फारच थोडे सांगतो.

अमेरिकेच्या मरीन दलाने पॅरिस आयलंडच्या छावणीत कवायतीत जवान कोसळतात म्हणून १९५० च्या दशकातच उपाय शोधला होता. सावलीतला तापमापक, ओला तापमापक आणि उन्हात ठेवलेला काळा गोळा, या तिन्हींचा मिळून एक आकडा काढायचा. त्यात सर्वात जास्त वजन ओल्या तापमापकाला, दहात सात. त्या आकड्यावरून कवायत चालू ठेवायची की थांबवायची हे ठरते. आपल्याकडे मोठ्या सभेला मैदान, मंडप, वाहनतळ यांची परवानगी लागते. दुपारचा हा आकडा बघूनच वेळ ठरवावी, असा आग्रह वृत्तपत्रांनी धरायला हवा.

याचा अर्थ विदर्भातला ४५ सौम्य आहे असा कोणी काढू नये. कोरड्या उन्हाचा मारा वेगळ्या बाजूने येतो. तिथे घाम इतक्या झटकन वाळतो की आलेला कळतच नाही. वॉर्डात आलेल्या मजुरांच्या सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असायचे, आणि विचारले तर म्हणायचे, घाम काही आला नाही बाई. तासाला एक-दीड लिटर पाणी अंगातून गेलेले, तहान त्या मानाने कमी, लघवी सकाळपासून झालेली नाही. मग पोटऱ्यांत गोळे येतात, चक्कर येते, रक्तदाब उतरतो. अंगात पाणी उरले नाही की घामही आटतो, आणि घाम आटला की ४५ अंशांच्या हवेत शरीराकडे दुसरे साधन नसते. म्हणून तिकडे पाणी आणि मीठ ही दोन्ही द्यावी लागतात. कैरीचे पन्हे, मीठ घातलेले ताक आणि आंबील यांत दोन्ही असतात. नुसते साधे पाणी तांब्या-तांब्याने ढोसून गोळे थांबत नाहीत.

पंख्याबद्दलही दोन्हीकडे वेगळा सल्ला द्यावा लागतो, आणि छापताना तो एकच छापला जातो. पनवेलच्या ३५-३६ अंशांत पंखा खरा उपयोगी आहे, अंगाजवळची ओली हवा तो हलवतो आणि घाम वाळू देतो. म्हणून इकडे दुपारी वीज जाणे नुसते गैरसोयीचे नाही, धोक्याचे आहे. ४० च्या पुढच्या कोरड्या हवेत नुसता पंखा अंगावर उष्णता फेकतो. जागतिक आरोग्य संघटनेचा इशाराही असाच आहे. तिथे आधी अंग, दुपट्टा, चादर ओली करावी आणि मग पंखा लावावा.

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात मे महिन्यात तेंदूपाने तोडायला बाया पहाटेच्या अंधारात निघतात आणि ऊन चढायच्या आत परततात. दुपारी सावलीत बसून पुडके बांधतात. ही वेळ त्यांना कोणी सरकारी पत्रकाने सांगितलेली नाही. रस्त्याच्या कामावरच्या, इमारतीच्या स्लॅबवरच्या मजुराला मात्र ही मोकळीक मुकादम देत नाही. दुपारी १२ ते ४ काम बंद ठेवण्याच्या सूचना निघतात, त्या किती ठिकाणी पाळल्या जातात याची बातमी आपल्या वार्ताहरांनी करावी अशी माझी फार इच्छा आहे.

आता एका गोष्टीवर मला जास्त जागा हवी आहे, कारण ती न कळल्यामुळे माणसे दगावताना मी पाहिली आहेत. ताप आणि उष्माघात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थर्मामीटर दोन्हीत चढतो, म्हणून घरचे लोक दोन्हीला एकच गोळी देतात.

तापात हायपोथॅलॅमस स्वतःच आपली खूण वर सरकवतो. जंतुसंसर्ग झाला की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य वाढते आणि ३७ ऐवजी ३९ गाठायचे असे ठरते. म्हणून तर ताप चढताना थंडी वाजते, दात वाजतात, रोगी गोधडी मागतो. पॅरासिटामॉल ते द्रव्य कमी करते, खूण परत खाली येते, घाम सुटतो आणि ताप उतरतो. उष्माघातात खूण ३७ वरच असते. शरीर जिवाच्या आकांताने थंड व्हायला बघत असते आणि त्याला ते जमत नसते. इथे पॅरासिटामॉलला करण्यासारखे काही नसते. उलट उष्णतेने आधीच होरपळलेल्या यकृतावर त्याचा बोजा पडतो.

वीटभट्टीवरचा एखादा तरुण आणायचे. डोळे उघडे पण बोलणे असंबद्ध, शिव्या देतोय, नर्सला ओळखत नाही, हातपाय झाडतोय. सोबतचे सांगायचे, दुपारी ताप आला म्हणून गोळी दिली, मग गार लागू नये म्हणून घोंगडी घालून ट्रॉलीत निजवला. थर्मामीटरचा पारा ४२ च्या शेवटच्या खुणेला टेकलेला असायचा. अंगावर पाणी ओतायला घेतले की म्हातारे नातेवाईक हात धरायचे, सिस्टर, सर्दगरम होईल. ही भीती विदर्भात खोल आहे, आणि आता पनवेलच्या बांधकामावरच्या मजुरांकडूनही मी तेच ऐकते. उन्हाने शुद्ध हरपलेल्या माणसाला थंड पाण्याने भिजवल्याने तो मरत नाही. न भिजवल्याने मरतो. मेंदू, यकृत, मूत्रपिंड ४० च्या वर किती वेळ शिजत राहिले त्यावर त्याचे जगणे ठरते, म्हणून पहिला अर्धा तास रुग्णालय शोधण्याइतकाच पाणी ओतण्याचा आहे. सावलीत आणा, कपडे सैल करा, मिळेल त्या गार पाण्याने सगळे अंग भिजवा, जोरात वारा घाला, बर्फ असेल तर फडक्यात बांधून काखेत, मानेला, जांघेत ठेवा. टाके किंवा हौद जवळ असेल तर मानेपर्यंत पाण्यात बसवा आणि डोके धरून ठेवा. १०८ ला फोन त्याच वेळी दुसऱ्याने करावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

आणि उष्माघात ओळखायची खूण कोणती? बडबड, गोंधळ, तोल जाणे, झटके, ग्लानी. घाम येतोय की नाही यावरून ठरवू नका. घरात बसून ऊन लागलेल्या म्हाताऱ्या माणसाचे अंग बहुधा कोरडे असते. काम करताना कोसळलेला तरुण घामाने चिंब असू शकतो, आणि तरीही त्याला उष्माघातच झालेला असतो.

म्हाताऱ्या माणसांची काळजी मला सर्वात जास्त वाटते. त्यांना घाम कमी आणि उशिरा येतो, तहान लागत नाही, आणि त्वचेकडे जास्तीचे रक्त वळवताना आधीच थकलेले हृदय मेटाकुटीला येते. त्यात गोळ्या असतात. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी पाणी घालवते, बीटा ब्लॉकर हृदयाचा वेग वाढू देत नाही, सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या आणि मानसिक आजारांवरची काही औषधे घाम रोखतात. कोणी आपल्या मनाने गोळी बंद करू नये, पण उन्हाळा लागण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारावे. या माणसांचा मृत्यू बहुतेक वेळा हृदयविकार म्हणून नोंदला जातो. त्यामुळे उन्हाने किती गेले हे उष्माघाताच्या नोंदींवरून कधीच कळत नाही, एकूण मृत्यू नेहमीपेक्षा किती वाढले ते मोजावे लागते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत असे मोजले तेव्हा नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त निघाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला, आणि मग देशातल्या इतर शहरांनी तो उचलला.

तान्ह्या बाळांविषयी एकच सांगते. मे महिन्यात बाळंतिणीच्या खोलीत खिडक्या बंद, बाळाला टोपडे, कुंची आणि वर दुपटे. बाळाला घाम नीट येत नाही आणि पांघरूण ढकलताही येत नाही. थंडीत बाळ उबेत ठेवायलाच हवे. मेमध्ये त्याला पातळ सुती झबले पुरे.

रात्रीबद्दल आपल्या पानावर फारच कमी येते. दिवसभर ताणलेले हृदय आणि आटलेले पाणी रात्री सावरते, पण त्यासाठी रात्र उतरावी लागते. पत्र्याच्या खोलीत, शेवटच्या मजल्यावरच्या स्लॅबखाली ती उतरत नाही. चंद्रपूरला किमान ३० वर अडकले किंवा पनवेलला २९ वर, तर दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस कालचा थकवा घेऊनच कामावर जातो. दोन-तीन रात्री अशा गेल्या की वॉर्ड भरायचा. भारतीय हवामान विभाग उष्ण रात्रीचा इशारा वेगळा देतो, आणि उष्णतेच्या लाटेसाठी सपाट प्रदेशात ४० अंशांची तर किनाऱ्यावर ३७ अंशांची अट ठेवतो. म्हणजे किनाऱ्यावरचा ३७ वेगळा, हे विभागाला मान्य आहे. आपल्या मथळ्यांत ते दिसत नाही.

सवयीचाही भाग आहे. उन्हात रोज थोडे थोडे राहिले तर आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर बदलते. घाम लवकर सुटतो, जास्त येतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तातले पाणी वाढते. म्हणून मार्चमधली पहिली लाट मेमधल्या तेवढ्याच तापमानापेक्षा जास्त माणसे आडवी करते, आणि पुण्याहून लग्नाला आलेले पाहुणे आमच्याकडे पहिल्याच दुपारी सलाईनला लागतात. उन्हाळ्याची पहिली लाट असेल तेव्हा तसे बातमीत लिहा, लोक जपतील.

आर्द्रता छापताना एक काळजी घ्यावी. सकाळी साडेआठची आर्द्रता आणि दुपारचे कमाल तापमान शेजारी छापले तर वाचकाची दिशाभूल होते. सकाळी हवा थंड असते म्हणून टक्केवारी मोठी दिसते, दुपारी हवेत वाफ तेवढीच असली तरी ती बरीच उतरते. हवामान विभागाच्या मुख्य केंद्रांवर दुपारी अडीचचीही नोंद होते. तापमान आणि आर्द्रता दोन्ही त्याच वेळेचे घ्यावे, आणि त्यांवरून काढलेला वेट बल्बचा आकडा तिसऱ्या रकान्यात द्यावा. २८ च्या पुढे पिवळा आणि ३० च्या पुढे लाल रंग दिला, तर आकडेमोड न करताही इकडच्या रिक्षावाल्याला आणि मासळीवालीला कळेल. विदर्भासाठी कमाल तापमानाचा रंग आहे तसाच ठेवावा, कारण तिथे मारा त्या बाजूने आहे. खाली एक कायमची ओळ: उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागले तर गोळी देऊ नका, अंग भिजवा, वारा घाला, १०८ ला फोन करा.

हे लवकर सुरू व्हावे अशी घाई मी करते आहे, त्याला कारण आहे. मेच्या अखेरीस आणि जूनच्या पहिल्या दिवसांत, पाऊस दारात उभा असताना, कोकणपट्टीवर कमाल तापमान एखाद्या अंशाने उतरते आणि हवेतली वाफ मात्र वाढत जाते. तेच दिवस अंगाला सर्वात जड असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत पारा घसरल्याची बातमी येते. ओळीचे शब्द तपासून द्यायला मी तयार आहे. माझा पत्ता आणि दूरध्वनी सोबतच्या चिठ्ठीवर आहे, तो छापू नये.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका, पनवेल